भिंग, वही आणि हातभर जमीन: बेळगाव-खानापूरकडे निसर्ग बारकाईनं बघायला सुरुवात कशी करावी

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण सावकाश, आणि दर दहा मिनिटांनी बसा. टिळकवाडीत राहायचं म्हणजे चालायला व्हॅक्सिन डेपोचं झाडीचं आवार. तीस वर्षं त्या आवारातून मी झपाझप गेले-आले होते. तिथं काय आहे असं कोणी विचारलं असतं, तर झाडं आहेत, पक्षी आहेत, सकाळची हवा चांगली असते, एवढंच सांगितलं असतं. बसण्याची सक्ती झाली तेव्हा जांभ्या दगडाच्या एका पडक्या कट्ट्यावर मी टेकू लागले. आठ-दहा दिवसांनी लक्षात आलं की आपण रोज त्याच वीतभर दगडाकडे बघतोय आणि रोज तिथं काहीतरी वेगळं चाललंय.

तिथून पुढं मी हे शिकत गेले, बरेच दिवस चुकीच्या पद्धतीनं. आता ओळखीतल्या बायका, शेजारची मुलं, निवृत्त झालेले भाऊजी विचारतात, ‘आम्हालाही दाखवा की, सुरुवात कशी करायची?’ त्या सगळ्यांसाठी हे लिहून काढते आहे. यात अभ्यासक होण्याचा मार्ग नाही. रोजच्या पायाखालच्या गोष्टीकडे बघून ‘अरे, हे असं आहे होय!’ असं वाटावं, त्यासाठी काय करायचं आणि काय टाळायचं, एवढंच आहे.

## १. जागा घराजवळची ठरवा, आणि एकच ठरवा

सगळ्यात जास्त चूक इथंच होते. निसर्ग बघायचा म्हटलं की आपण लगेच चोर्ल्याला निघतो. मीही निघाले होते. ऑगस्टमधला रविवार, गाडीत आम्ही पाच जण, डबे, थर्मास. घाटात धुकं, रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग, धबधब्यापाशी गर्दी. संध्याकाळी घरी येऊन वही उघडली तर लिहायला दोनच ओळी होत्या: पाऊस होता, हिरवं होतं. त्याच आठवड्यात परसातल्या कुंडीच्या मागं एका कोळ्यानं अंड्यांची पिशवी विणली होती, त्यावर मी दीड पान लिहिलं होतं.

म्हणून आधी जागा ठरवा. रोज, निदान एक दिवसाआड, चालत पाच-दहा मिनिटांत पोचता येईल अशी. आकार हातभर लांब, हातभर रुंद. कंपाउंडची भिंत, विहिरीचा कठडा, बांधाचा तुकडा, गोठ्यामागचा कोपरा, गच्चीतली एक कुंडी, काहीही चालेल. वर्षभर तीच जागा ठेवायची. बदल दिसायचा तर जागा तीच हवी, नाहीतर कालच्या आणि आजच्यात फरक काय पडला हे कळणार कसं?

आपल्या जिल्ह्याचं एक बरं आहे, इथं कुठंही राहा, बघायला काहीतरी वेगळंच मिळतं. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर तालुक्यात जांभा दगड आणि लाल माती. निपाणी-चिकोडीकडे गेलात की काळी जमीन आणि ऊस. कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात अथणीला लोक ढगांकडे डोळे लावून बसतात. अथणी-रायबागकडच्या वाचकांनी ‘आमच्याकडं कुठलं जंगल?’ म्हणून मागं सरू नये. कोरड्या भागातच पडवीच्या, देवळाच्या वळचणीखालच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे बारीक खड्डे दिसतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मातीत बुडून एक अळी बसलेली असते. मुंगी घसरून आत आली की ती डोक्यानं तिच्यावर माती उडवते, म्हणजे मुंगी पुन्हा खाली घसरते. काडीनं खड्ड्याच्या काठावरचे दोन कण पाडून बघा, तळ हलेल. ही अळी पुढं पंख फुटून चतुरासारखी दिसणारी होते. लहानपणी आपण सगळ्यांनी ते खड्डे पायानं पुसलेत.

## २. सामान जमवा

फार लागत नाही:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफ वापरतात तसं दुमडून खिशात ठेवता येणारं सगळ्यात सोयीचं. प्रयोगशाळेचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. पेपर वाचायचं मोठं भिंग लहान मुलांच्या हातात ठीक, पण त्यानं फार मोठं दिसत नाही.
- भिंगाला बांधायला लाल लोकर किंवा जाड दोरा. गवतात पडलेलं भिंग सापडत नाही. माझं पहिलं असंच गेलं.
- शाळेची साधी वही आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते.
- पाण्याची छोटी बाटली, पिण्यासाठी नाही. कशासाठी ते खाली येतं.
- बसायला जुन्या पोत्याचा तुकडा किंवा लाकडी पाट. कंबर-गुडघे दुखायला लागले की लक्ष तिकडेच जातं, हे अनुभवानं सांगते.
- पावसाळ्यात घोट्याच्या वर येणारे बूट आणि छत्री.

दुर्बीण पहिल्या वर्षी घेऊ नका. दुर्बीण आली की नजर झाडाच्या शेंड्यावर जाते आणि आपण जमिनीवरचं सोडून देतो.

## ३. भिंग धरायला शिका

हे कोणी सांगत नाही, म्हणून बहुतेकांचं भिंग आठवड्यात कपाटात जातं. आपण भिंग वस्तूवर धरतो आणि डोळा लांब ठेवतो. दिसतं धूसर, मग वाटतं भिंगच वाईट. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं. चष्मा असेल तर चष्म्याला. मग वस्तू हळूहळू भिंगाजवळ आणायची, बोटभर अंतरावर ती एकदम स्पष्ट होते. वस्तू उचलण्यासारखी नसेल, भिंतीवरची असेल, तर आपण स्वतः पुढं वाकायचं. भिंग धरलेल्या हाताचा अंगठा गालाला टेकवला की हात थरथरत नाही. उजेड पाठीमागून नको, बाजूनं हवा.

घरी मिठाच्या खड्यावर, तिळावर, स्वतःच्या बोटाच्या रेषांवर दोन दिवस सराव करा.

## ४. पहिला धडा: वाळलेल्या भिंतीवर अर्धी वाटी पाणी

माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना मी इथूनच सुरुवात करायला लावते. एप्रिल-मेमध्ये कुठल्याही जुन्या जांभ्याच्या भिंतीवर काळपट, करपल्यासारखा थर दिसतो. हात लावला तर खरखरीत. मेलेलं शेवाळ म्हणून आपण ब्रशनं खरवडून काढतो. त्यातला नाण्याएवढा भाग भिंगातून नीट बघून घ्या: तपकिरी, पिळलेल्या सुतासारख्या काड्या. आता त्यावर बाटलीतलं थोडं पाणी सावकाश सोडा आणि भिंग हलवू नका.

आधी पाणी नुसतं ओघळतं. मग एक काडी किंचित सरळ होते. तिच्या कडेला चिकटलेली पानं एकेक करून बाहेर पडतात, जणू कोणी आतून बोटानं ढकलतंय. शेजारची काडी, मग तिच्या पलीकडची. मिनिटभरात त्या नाण्याएवढ्या जागेत हिरवीगार झाडी उभी राहते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाटली संपेपर्यंत पाणी घालत राहिले होते.

यात चमत्कार नाही, पण जे आहे ते चमत्काराहून कमीही नाही. शेवाळाला आपल्या ओळखीच्या झाडासारखी पाणी ओढणारी मुळं नसतात. ते पाणी पानांतून, सगळ्या अंगानं घेतं. उन्हाळ्यात ते मरत नाही, कोरडं होऊन थांबून राहतं, आणि पाणी मिळालं की पुन्हा सुरू होतं. पानं उघडणं हा त्याचा पहिला भाग, आतली कामं सुरू व्हायला आणखी वेळ लागतो.

त्याच भिंतीवर करड्या-पांढऱ्या चकत्याही दिसतील, कडा मुरडलेल्या. त्या मी सासूबाईंना दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला, हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड दिसतंय.’ डब्यातलं दगडफूल आणून शेजारी धरलं, तर घडण खरोखर तशीच: वरून राखाडी, खालून काळं, पोटाशी बारीक केसांसारखे तंतू. दगडफूल हे फूल नाही आणि एक जीवही नाही. बुरशी आणि शैवाल (भिंतीवरच्या शेवाळाहून वेगळा, अगदी सूक्ष्म हिरवा जीव) एकत्र राहून ते बनतं. बुरशी घर आणि ओल देते, शैवाल उन्हात अन्न तयार करतं. मसाल्यासाठी काढलेला तुकडाही ओला करून बघा, राखाडी वरची बाजू हिरवट होते, कारण ओल्या थरातून आतलं शैवाल दिसायला लागतं. आपल्याकडे कन्नडमध्ये त्याला कल्लूहूवू म्हणतात. कल्लू म्हणजे दगड, हूवू म्हणजे फूल. दोन्ही भाषांच्या बायकांनी त्याच्याकडे बघून एकच नाव ठेवलं.

भिंतीवरचं मात्र काढू नका. यातले काही प्रकार वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढी चकती आपल्यापेक्षा वयानं मोठी असू शकते.

## ५. वीस मिनिटं बसा, पहिली दहा मोबाइलशिवाय

पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. हे सगळ्यांचं होतं, त्यामुळं ‘आपल्याला नजरच नाही’ असं समजून उठू नका. आपण येऊन बसलो की किडे थांबतात, पाली सरकतात, बेडूक गप्प होतो. आपण स्थिर झालो की सातव्या-आठव्या मिनिटाला सगळं परत सुरू होतं. फोटो काढायचा असेल तर नंतर काढा. आधी फोन काढला की आपण चौकट शोधायला लागतो, आणि चौकटीबाहेर मुंगी काय ओढून नेतेय ते राहून जातं.

काय बघायचं ते सुचत नसेल तर हे प्रश्न घेऊन बसा: इथं सगळ्यात लहान जिवंत गोष्ट कोणती? कोण कोणाला खातंय? कालपेक्षा काय वेगळं आहे? सावलीच्या बाजूला आणि उन्हाच्या बाजूला काय फरक आहे?

## ६. वही लिहा, नक्षत्र घालून

प्रत्येक वेळी तारीख, वेळ, जागा, पावसाचं नक्षत्र, आणि चार-पाच ओळी. एक चित्र, कसंही. चित्र सुंदर यायची गरज नाही, पण काढायला घेतलं की पानं समोरासमोर आहेत की आड-एक, पाय सहा की आठ, हे बघावंच लागतं. शेवटी एक प्रश्न, जो आज सुटला नाही.

नक्षत्र का? तारखेपेक्षा ते आपल्या भागातल्या बदलांशी जास्त जुळतं, आणि शेतावरच्या माणसांशी बोलता येतं. ‘सात जुलैला काय दिसतं?’ असं विचारलं तर कोणी सांगणार नाही. ‘तरण्या पावसात काय दिसतं, म्हाताऱ्या पावसात काय दिसतं?’ असं विचारा, पुनर्वसू आणि पुष्यातलं सगळं ऐकायला मिळेल.

## ७. नावाच्या मागं लगेच लागू नका

पहिल्या तीन महिन्यांत मला प्रत्येक गोष्टीचं नाव हवं असायचं. फोनवरच्या एका अ‍ॅपनं परसातल्या रोपाचं नाव सांगितलं, मी ते वहीत लिहिलं आणि त्या रोपाकडे बघणं थांबवलं. दीड महिन्यानं फूल आलं तेव्हा कळलं की नाव साफ चुकीचं होतं. मधल्या काळात त्याला कळी कशी धरली ते बघायचं राहून गेलं, याची अजून हळहळ वाटते.

आता मी आधी माझं नाव ठेवते: ‘केसाळ देठाचं’, ‘संध्याकाळी मिटणारं’. मग माणसांना विचारते. अ‍ॅप शेवटी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर फोटो घातला तर जाणकार लोक तपासून सांगतात, ते चांगलं आहे. फूल, पानाची वरची आणि खालची बाजू, खोड, सगळ्याचे फोटो द्या. दुर्मीळ आमरी (ऑर्किड) वगैरे दिसली तर जागा लपवण्याची सोय त्यात आहे, ती न विसरता वापरा, नाहीतर उपटून नेणारे पोचतात.

माणसांकडून मिळतं ते अ‍ॅपमध्ये नसतं. येळ्ळूरच्या शिवारात एका विहिरीवर सुगरणीचे खोपे लोंबत होते, मी बांधावर उभी होते. शेतमालक आले.

‘काय हुडकायलाय ओ वैनी?’

खोपे बघतेय म्हटल्यावर त्यांनी बोट दाखवलं. ‘त्यो बघा, अर्धाच हाय. मादी येऊन बघून गेली, पसंत पडला न्हाई. आता त्यो सोडून दुसरा बांधायलाय.’

नंतर चार सकाळी जाऊन बघितलं, तसंच होतं. नाव सुगरण, पण खोपा विणतो नर. अर्धा, टोपीसारखा झाला की पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडला तरच पुढची नळी विणली जाते. आतून ओल्या मातीचे गोळेही चिकटवलेले असतात. सोडलेला अर्धा खोपा खाली पडलेला मिळाला तर घरी आणून भिंगाखाली धरा: भाताच्या-उसाच्या पातीच्या चिरलेल्या पट्ट्या, आणि त्यांना मारलेल्या गाठी.

शेतात शिरण्याआधी विचारा, आणि पावसाळ्यात भाताच्या बांधाच्या कडेवरून चालू नका. ओला बांध फुटतो, आणि फुटलेला बांध नीट करायला त्या माणसाची अख्खी सकाळ जाते.

## ८. कधी काय बघायचं

सगळं वर्ष सांगत बसत नाही, तुमची वही ते सांगेल. पण सुरुवात मे अखेरीला केली तर फार बरं, कारण पुढचे चार महिने आपल्या भागात रोज काहीतरी असतंच.

रोहिणी, मृगाच्या आधी. काजवे. जांबोटीच्या वाटेवर, खानापूरच्या रानात, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की झाडंच्या झाडं लुकलुकतात. उडत चमकतात ते बहुतेक नर, मादी खाली गवतात बसून उत्तर देते. त्यामुळं बॅटरी किंवा गाडीचे दिवे लावले तर त्यांचं बोलणंच तुटतं. बॅटरी लागलीच तर लाल कागद गुंडाळा आणि जमिनीकडे धरा. याच दिवसांत पावशा ओरडत असतो, ‘पेरते व्हा’.

मृग, जूनच्या ७-८ तारखेपासून. पहिला चांगला पाऊस पडून ऊन पडलं की लाल मातीत मृगाचा किडा निघतो. लाल मखमलीचा ठिपका. पाय मोजा: आठ. म्हणजे तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला, किडा नावापुरता. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो आणि वर येतो तो थोडेच दिवस, म्हणून पाऊस पडल्यावर चहा नंतर, आधी अंगण. लहान मुलं तो काड्यापेटीत भरतात. तळहातावर घेऊन बघू द्या आणि जिथून उचलला तिथंच सोडायला लावा.

आश्लेषा-मघा ते उत्तरा. ऑगस्ट-सप्टेंबरात जांभ्याचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट खडकाळ पठारं, फुलतात. वर जायचं तर आता जा, पण वाकून बघायला. ओलसर, उघड्या खडकावर निळी-जांभळी फुलं चादरीसारखी दिसतात, त्यांना सीतेची आसवं म्हणतात. एवढंसं नाजूक फूल, आणि खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की झडप उघडते आणि तो आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. शेजारीच दवबिंदू सापडेल: तांबूस पान, त्यावर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दुपारी दव उडून गेलं तरी हे थेंब तसेच असतात, त्यावरून ओळखायचं. चिलट चिकटतं, केस त्याच्याकडे वळतात. या सड्यांवर माती बोटभर, पावसानं धुतलेली, नायट्रोजन फार कमी. तो या झाडांनी किड्यांतून मिळवला.

याच दिवसांत गौरी येतात. गौरीला आणतो तो तेरडा, रंग तीन दिवसांचा म्हणतो तोच. सण झाल्यावर त्याला विसरू नका. महिन्याभरात शेंगा भरतात. फुगलेली शेंग दोन बोटांत हलकी दाबली की फटकन फुटते, तिच्या पाच पाकळ्या आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बी लांब उडतं. भिंग नको, फक्त तळहात खाली धरा.

हिवाळ्यात सकाळी साडेसहाला दवानं भिजलेली कोळ्यांची जाळी, उन्हाळ्याच्या तोंडाला पळस आणि सावर. ते तुमचं तुम्हाला सापडेल.

## ९. खानापूरच्या रानात जायचं असेल तर

सहा महिने घराजवळ काढल्यावर जा. कागदपत्रं बरोबर ठेवा:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, प्रत्येकाचं. चोर्ल्यापाशी कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिन्ही जवळ आहेत, कुठल्या हद्दीत आहोत ते कळत नाही.
- गाडीची कागदपत्रं, प्रदूषण प्रमाणपत्रासह.
- अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वन खात्याची परवानगी, आधी काढलेली. अर्ज भरताना कन्नड लिहिता-वाचता येणारं कोणीतरी सोबत असू द्या.
- घरी एका कागदावर लिहून ठेवा: कुठं जातोय, कधी येणार. पुढं रेंज जाते.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एका जातीचं वटवाघूळ राहतं, ज्याचं शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये झालं आणि पुढं बराच काळ ते जगात फक्त इथलंच म्हणून माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. आपल्या तालुक्यातल्या एका गुहेसाठी जगभरचे अभ्यासक नकाशा उघडतात, याचा मला फार अभिमान वाटतो, आणि म्हणूनच सांगते: त्या गुहांत शिरू नका. विसावलेल्या वटवाघळांवर उजेड आणि आवाज पडला की ती जागा सोडतात.

परवानगीची दगदग नको असेल तर कणकुंबीला जा. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. बेळगावहून जांबोटीमार्गे बस आहे. पाटी कन्नडमध्ये असते, वाचता येत नसेल तर कंडक्टरना विचारा.

सड्यावर चालताना पाय उघड्या दगडावर ठेवा, फुलांच्या मधल्या मातीवर नाही. फुलांत बसून फोटो काढणारे उठून गेल्यावर तिथं काय उरतं ते बघितलंय, म्हणून कळकळीनं सांगते.

## १०. धोके

साप. दगड-ओंडका हातानं उलटू नका. जांभ्याच्या भेगांत फुरसं असतं, दिसत नाही. काठीनं, स्वतःकडची बाजू उचलायची नाही, पलीकडची उचलायची, म्हणजे आतलं जे असेल ते आपल्या विरुद्ध बाजूला निघून जातं. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवायचा, ते कोणाचं तरी छप्पर आहे. साप चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना.

गोचीड. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत रानात पालापाचोळ्यावर बसू नका. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडतापाच्या साथी येऊन गेल्यात, आणि तो गोचिडीतून येतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्याला कळवा. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा. नंतर आठ-दहा दिवसांत ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

जळवा. पावसाळ्यात लागणारच. ओढू नका, नखानं तोंड सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

अळंबी. बघा, चित्र काढा, खाली वाकून पट्ट्या मोजा. खाण्यासाठी घरी आणू नका. खाणारी माणसं ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, आपण फोटोवरून ओळखू शकत नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं. विणीच्या दिवसांत तो पक्षी घरटं सोडून शत्रू शोधत फिरतो. आवाज घरी जाऊन ऐका.

एकट्यानं लांब जाणं. बायकांना मुद्दाम सांगते, दोघी-तिघी मिळून जा. मी आणि शेजारच्या काकी जातो. त्यांना दिसायला कमी येतं, पण आवाज त्यांना माझ्याआधी कळतात, त्यामुळं दोघींचं मिळून पुरं होतं.

लहान मुलं बरोबर असतील तर वीस मिनिटांची दहा करा आणि भिंग आधी त्यांच्या हातात द्या.

माझ्या वहीतलं कालचं पान देते, वही कशी लिहायची हे कळावं म्हणून:

‘आर्द्रा. सकाळी ७.१०. डेपोतला कट्टा. रात्री पाऊस, आता उघडीप. शेवाळावर तपकिरी देठ आलेत, मोजले, चौदा. प्रत्येकाच्या टोकाला बोंड, बोंडावर टोपी. एका बोंडाची टोपी निघालीय, आत कडेला दातांसारखी गोल रांग. फुंकर घातली, काही झालं नाही. भिंग जवळ नेलं, माझा उबदार श्वास लागला आणि दात हलले. बाहेरच्या बाजूला की आतल्या, नीट कळलं नाही. उद्या टोपी निघालेलं दुसरं मिळतं का बघायचं. काकींनी पावशा दोनदा ऐकला, मी एकदाच.’